मार्लोचा मृत्यु व शेक्सपीअरचें कर्तृत्व

एलिझाबेथकालीन नाटककार ख्रिस्तोफर मार्लो हा इ. स. १५९३ त मेलाच नाहीं; मरणाचें सोंग करून तो परदेशीं गेला व शेक्सपीअरच्या नांवावर नाटकें लिहीत राहिला, असा एक पक्ष आहे. कॅल्व्हिन हॉफमन ह्यांनीं तो १९५५ सालीं ग्रंथरूपानें मांडला. जुन्या कागदांचा त्यास आधार कितपत आहे, एवढेंच आम्ही येथें पाहणार आहों.

३० मे १५९३ रोजीं डेप्टफर्ड येथें एलिनर बुल नामक विधवेच्या घरीं मार्लो मारला गेला. तेथील दफननोंदींत मारणाऱ्याचें आडनांव ‘फ्रेझर’ असें आहे. एकोणिसाव्या शतकांत कोणीं तें ‘आर्चर’ असें वाचलें, आणि पुढें शंभर वर्षें विद्वान् नसलेल्या आर्चराच्या मागें लागले. मोडी वाचणाऱ्या आमच्या वाचकांस ह्याचें नवल वाटणार नाहीं. लेस्ली हॉट्सन ह्यांनीं लंडनच्या सरकारी दप्तरांतून मूळ लॅटिन पंचनामा शोधून १९२५ सालीं छापला, तेव्हां इन्ग्रम फ्रायझर हें खरें नांव कळलें.

पंचनाम्याप्रमाणें खाण्यापिण्याच्या हिशेबावरून तंटा झाला, मार्लोनें फ्रायझरची कट्यार ओढली, व झटापटींत तीच त्याच्या उजव्या डोळ्यावर दोन इंच खोल शिरली. कट्यारीची किंमत बारा पेन्स, हीही नोंद आहे! फ्रायझरास महिन्याच्या आंत माफी मिळाली.

हा कागद संशयास्पद आहे काय? आहे. हजर असलेल्या तिघांपैकीं रॉबर्ट पोली हा मुरलेला सरकारी हेर. फ्रायझर व निकोलस स्किअर्स हे लोकांस फसवून पैसा उकळणारे. शिवाय दहाच दिवसांपूर्वीं, २० मे रोजीं, मार्लोस प्रिव्ही कौन्सिलपुढें हजर व्हावें लागलें होतें. तंटा केवळ हिशेबाचा होता हें आम्हांसही पटत नाहीं. परंतु वध कां झाला ही शंका निराळी, आणि वध झाला कीं नाहीं ही निराळी. हॉफमन पहिलीचीं प्रमाणें दुसरीस लावतात. प्रेत सोळा पंचांनीं पाहिलें. १ जून रोजीं दफन झालें. तें प्रेत दुसऱ्याचें म्हणावें तर त्या दुसऱ्याच्या नांवाचा एक चिटोराही कोणीं दाखविलेला नाहीं. १९५६ सालीं हस्तलिखितें सांपडतील ह्या आशेनें हॉफमन ह्यांनीं चिझलहर्स्टच्या चर्चमधील वॉल्सिंगहॅम घराण्याची कबर उघडविली. आंत वाळू निघाली. जी वस्तु असती तर दिसलीच असती, तिचें न दिसणें हें अभावाचें प्रमाण, असें आमचे शास्त्रकार मानतात. हॉफमन ह्यांनीं मात्र मत बदललें नाहीं.

त्यांचा त्यांतल्यात्यांत सबळ मुद्दा असा, कीं शेक्सपीअरचें नांव कवि म्हणून प्रथम छापलेलें आढळतें तें मार्लोच्या मृत्यूनंतर थोड्याच दिवसांत विक्रीस आलेल्या ‘व्हीनस अँड अडोनिस’ ह्या काव्यांत. पण त्या काव्याची नोंदणी १८ एप्रिल रोजींच, म्हणजे मार्लो जिवंत असतां, झाली होती. नोंदींत कर्त्याचें नांव नाहीं, हें खरें. मुद्रक रिचर्ड फील्ड हा शेक्सपीअरच्याच स्ट्रॅटफर्ड गांवचा, हेंही तितकेंच खरें. आणि हें दुसरें ह्या पक्षाच्या लेखनांत मागें पडतें.

‘सहावा हेन्री’ ह्या नाटकाच्या तिन्ही भागांवर ऑक्सफर्डच्या २०१६ च्या आवृत्तींत मार्लोचें नांव सहकर्ता म्हणून घातलें आहे. तो वाद शैलीचा असून प्रस्तुत पक्षास त्यांतून कांहींच मिळत नाहीं. मात्र वेस्टमिन्स्टर ॲबीमध्यें २००२ सालीं मार्लोच्या स्मरणार्थ जी कांचेची खिडकी बसविली, तींत १५९३ ह्या आंकड्यामागें प्रश्नचिन्ह घालण्यांत आलें. पंचनामा छापून तेव्हां सत्याहत्तर वर्षें झालीं होतीं.