प्रस्तुत आणि अप्रस्तुत : मराठी साहित्यविचारातील आफ्रिकी माणूस

राजशेखराच्या 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह विदर्भातील वत्सगुल्म या नगरात होतो. हे वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी आणि १९९८ पासून एका स्वतंत्र जिल्ह्याचे मुख्य ठिकाण. या कथेमुळे साहित्यशास्त्राच्या इतिहासात या गावाची नोंद कायमची झाली. दुसरी नोंद मात्र साहित्याचे अभ्यासक सहसा वाचत नाहीत. 'आईन-इ-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये 'बासिम'चे नाव येते. या नोंदीच्या मागच्यापुढच्या काळात वऱ्हाडावर जी सत्तास्पर्धा झाली, तिच्यात आफ्रिकेतून आलेली माणसे अग्रभागी होती. काव्य आणि शास्त्र यांचे लग्न जेथे लागले, त्या भूमीच्या साहित्यविचाराने या माणसांना कोणते स्थान दिले, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

प्रथम इतिहासाची रूपरेषा ध्यानात घेऊ. १४९० मध्ये वऱ्हाडात इमादशाही स्थापन करणारा फतहुल्ला हा मूळचा विजयनगरच्या मुलखातील ब्राह्मण मुलगा. युद्धकैदी म्हणून तो बहामनी राज्यात आला, असे फिरिश्ता सांगतो. १५७४ मध्ये निजामशाहीने वऱ्हाड जिंकले, तेव्हा तिचा कारभारी चंगीझखान होता, आणि तो हबशी होता. त्याच्याच पदरी अंबर नावाचा एक गुलाम होता. १५४८ च्या सुमारास इथिओपियात जन्मलेला हा मुलगा अरबी बाजारांतून विकला जात बगदादमार्गे दख्खनेत पोहोचला होता. १५९६ मध्ये चांदबीबीला वऱ्हाड मोगलांच्या स्वाधीन करावे लागले. पुढे याच अंबराने निजामशाहीच्या नावाने मोगलांशी पाव शतक झुंज दिली, १६१० मध्ये खडकी वसवली आणि १६२४ मध्ये भातवडीची लढाई जिंकली. १६२६ मध्ये तो मरण पावला. वऱ्हाडच्या महसुलाचा इतिहास लिहिताना १८७० च्या इंग्रजी गॅझेटियरलाही त्याच्या जमाबंदीची दखल घ्यावी लागली.

या माणसाचे नावच एक संहिता आहे. त्याचे जन्मनाव चापू असे सांगितले जाते. 'अंबर' हे नाव धन्याने दिलेले. संस्कृतच्या संस्कारामुळे आपण त्याचा अर्थ आकाश किंवा वस्त्र असा लावतो. मूळ अरबी शब्द मात्र समुद्रातून मिळणाऱ्या एका मौल्यवान सुगंधी द्रव्याचा आहे. याकूत म्हणजे माणिक, मर्जान म्हणजे पोवळे, संदल म्हणजे चंदन : गुलामांना दिलेली ही नावे व्यापाऱ्याच्या यादीतल्या जिनसांची आहेत. माणसाचे कूळ पुसून त्याच्यावर मालाचे नाव चिकटवण्याची ही क्रिया आहे. मराठी वाचक 'अंबर' या शब्दात आकाश पाहतो तेव्हा हे पुसणे दुसऱ्यांदा घडते. शब्द इतका आपला होऊन जातो की त्यामागचा बाजार दिसेनासा होतो.

आपल्या अलंकारशास्त्रातील प्रस्तुत व अप्रस्तुत ही जोडी येथे उपयोगी पडते. वर्णनाचा विषय तो प्रस्तुत. त्याला उजळण्यासाठी बाहेरून आणलेला तो अप्रस्तुत. परमानंदाच्या 'शिवभारता'त, म्हणजे शिवाजीमहाराजांच्याच आश्रयाने रचलेल्या संस्कृत काव्यात, मलिक अंबर प्रस्तुत आहे. कवी त्याला कार्तिकेयाच्या पंक्तीला बसवतो. शहाजीराजे ज्या लढाईत पराक्रम करतात, तिचा सेनानायक हीन असून चालणार नसते. सतराव्या शतकाच्या अखेरीस सभासद बखर लिहितो, तेव्हा जंजिऱ्याचा सिद्दी त्याच्या गद्यात घरात शिरलेल्या उंदरासारखा होतो. दोन्ही ठिकाणी आफ्रिकी वंशाचा माणूस उपमेय आहे. उपमान तेवढे देवसेनापतीवरून उंदरापर्यंत उतरले आहे. ही उतरण वर्णद्वेषाची म्हणता येणार नाही. ती राजकीय शत्रुत्वाची आहे. परंतु शालेय इतिहासाने आणि ऐतिहासिक कादंबरीने पहिले उपमान विसरून दुसरे जपले, हे नाकारता येणार नाही.

एकोणिसाव्या शतकात भूमिका पालटते. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केले. मराठीत आफ्रिकी माणूस येथे प्रथमच शूद्रातिशूद्रांच्या दास्याचे उपमान होतो. पुढे मि. ना. वानखडे यांनी दलित लेखकांचे लक्ष निग्रो साहित्याकडे वेधले. १९७२ मध्ये दलित पँथरने आपले नावच अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले. १९७८ मध्ये जनार्दन वाघमारे यांचा अमेरिकन निग्रो साहित्य व संस्कृतीवरील ग्रंथ आला. 'निग्रो' हा शब्द आज मागे पडला आहे. त्या काळच्या मराठी समीक्षेत तो बंधुभावाने वापरला गेला, हेही नमूद केले पाहिजे.

या उपमानाची योग्यता वादातीत आहे. त्याने दलित साहित्याला जागतिक संदर्भ दिला आणि वेदनेला एकटेपणातून बाहेर काढले. आक्षेप असलाच तर तो उपमानाच्या व्याप्तीला आहे. हे उपमान इंग्रजी पुस्तकांच्या वाटेने, अटलांटिक ओलांडून आले. अरबी समुद्र ओलांडून आलेला, दख्खनी बोललेला, खुलदाबादेत पुरलेला आफ्रिकी माणूस त्यात सामावला नाही. सख्य जोडताना आपण हजारो कोस दूर पाहिले आणि अंगणातल्या माणसाला शत्रूच्या खात्यावर मांडून ठेवले. अशा रीतीने तो एकदा उंदीर झाला, एकदा बंधू झाला. दोन्ही वेळा तो कशाच्या तरी तुलनेतच उभा राहिला.

असे का झाले असावे? केवळ विस्मरण हे उत्तर पुरेसे वाटत नाही. मलिक अंबर कोणत्याही तयार तुलनेत बसत नाही, हे खरे कारण असावे. तो गुलाम होता, पण अमेरिकेतील मळ्यावरचा गुलाम नव्हता. दख्खनेत गुलामगिरीतून सेनापतिपदाची आणि सिंहासनाचीही वाट निघू शकत होती, हे फतहुल्लाच्या उदाहरणावरूनही दिसते. तो मुक्त झाला, पण मुक्तिदाता झाला नाही. त्याच्या फौजेतही विकत घेतलेले हबशी होते. त्याने मक्तेदाराला दूर सारून रयतेशी थेट जमाबंदी केली, पण पाटील, कुलकर्णी, देशमुख यांची वतने मोडली नाहीत, आणि गावकुसाबाहेरचा माणूस गावकुसाबाहेरच राहिला. त्याला शत्रू ठरवणाऱ्या राष्ट्रवादी आख्यानाला त्याचा पराक्रम अडचणीचा ठरतो. त्याला बंधू मानू पाहणाऱ्या मुक्तिवादी आख्यानाला त्याची राज्यव्यवस्था अडचणीची ठरते. तुलनेच्या पद्धतीची मर्यादा उघड करणारा विषय त्या पद्धतीने टाळावा, हे स्वाभाविक आहे; समीक्षेने ते स्वीकारावे, हे मात्र योग्य नाही.

तुलनात्मक साहित्याभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यापुढे येथे एक नेमके काम आहे. आफ्रिका आणि महाराष्ट्र यांची तुलना करताना दोन्ही बाजू आधीपासून वेगळ्या आहेत, हे गृहीत धरू नये. या प्रदेशाच्या घडणीत आफ्रिकी माणूस आतूनच सहभागी होता, हे मान्य केल्यास 'मराठी' आणि 'परका' या कोटीच पुन्हा तपासाव्या लागतील.

आश्चर्य असे की, साहित्याने जे केले नाही ते दप्तराने केले. मराठी कागदपत्रांत 'मलिकंबरी' हे विशेषण सापडते. ते त्याच्या जमाबंदीला, धाऱ्याला लागते. एखाद्या माणसाचे नाव भाषेत विशेषण होऊन रुळते, तेव्हा त्या भाषेने त्याला उपमेय वा उपमान म्हणून नव्हे, तर आपल्या व्यवहाराचा भाग म्हणून स्वीकारलेले असते. बाजारात जिन्नस म्हणून मिळालेले नाव शेतकऱ्याच्या बांधावर मोजमाप झाले. कुळकर्ण्याच्या लेखणीला हे जमले आणि कवीच्या व समीक्षकाच्या लेखणीला जमले नाही. वत्सगुल्मात काव्यपुरुषाशी विवाहबद्ध झालेल्या साहित्यविद्येने ज्या दप्तरात अद्याप डोकावून पाहिलेले नाही, ते हेच होय. आफ्रिकी माणूस मराठीत 'प्रस्तुत' व्हायचा असेल, तर तिला तेथूनच सुरुवात करावी लागेल.