मूळ पद आणि अनेक विषय : कीर्तन, कथाकालक्षेप व पॉडकास्ट

एकच व्यक्ती आज अर्थकारणावर, उद्या संगीतावर आणि परवा शहराच्या इतिहासावर बोलते, तेव्हा तिच्या अधिकाराचा आधार कोणता, हा प्रश्न पॉडकास्टच्या संदर्भात अटळपणे उपस्थित होतो. विद्यापीठीय ज्ञानव्यवहारात अधिकार विषयाच्या सीमेतून निर्माण होतो. साहजिकच अनेक विषयांत वावरणारा वक्ता सर्वत्र पाहुणा ठरतो. ‘पॉडकास्ट’ हा शब्द २००४ मध्ये बेन हॅमर्सली या पत्रकाराने ‘द गार्डियन’मधील एका लेखात सुचविला. शब्द नवा असला, तरी विविध विषयांवर बोलून श्रोतृवर्ग जोडणे व त्यावर चरितार्थ चालविणे हा व्यवसाय मराठी व तमिळ या दोन्ही परंपरांना अपरिचित नाही. त्या परंपरांच्या आधारे पाहिल्यास वरील प्रश्नाचे स्वरूपच बदलते.

नारदीय कीर्तनाची रचना या दृष्टीने उद्बोधक आहे. पूर्वरंगात कीर्तनकार एक मूळ पद घेतो आणि त्याचे निरूपण करताना संसार, शेती, व्यापार, राजनीती, वैद्यक अशा कोणत्याही क्षेत्रातील दृष्टान्त योजतो. उत्तररंगात त्याच सिद्धान्ताला पोषक असे आख्यान येते आणि शेवटी कथन पुन्हा मूळ पदाशी येऊन विसावते. म्हणजे विषयांना मोकळीक आहे, पण रूपाला बंधन आहे. दृष्टान्त कितीही दूरचा असला, तरी परतण्याची जागा ठरलेली असते. कीर्तनकाराची बहुश्रुतता विस्कळीत होत नाही, याचे कारण त्याच्या माहितीच्या साठ्यात नसून या परतीच्या शिस्तीत आहे.

या रूपाची खरी कसोटी तमिळ प्रदेशात लागली. तंजावरच्या मराठी राजवटीत कीर्तन व निरूपण यांना आश्रय मिळाला होता. ती राजवट १८५५ मध्ये संपुष्टात आल्यानंतरही ही परंपरा खंडित झाली नाही. रामचंद्रबुवा मोरगावकरांसारख्या मराठी कीर्तनकारांची कला पाहून तंजावर कृष्ण भागवतर यांनी तमिळ कथाकालक्षेपाला नवे वळण दिले. साकी, दिंडी, ओवी ही मराठी वृत्ते नावांसह तमिळ सादरीकरणात रुळली. भाषा बदलली, संगीताचा आधार कर्नाटक पद्धतीचा झाला, आख्यानांत तमिळ संतचरित्रे आली. स्थलांतर झाले ते आशयाचे नव्हे, तर आशय मांडण्याच्या रीतीचे. पुढे मद्रासमध्ये सी. सरस्वतीबाई यांनी पुरुष भागवतरांच्या विरोधाला तोंड देत हरिकथेच्या व्यासपीठावर स्थान मिळविले. विषय व रूप यांवर प्रभुत्व असूनही कोणाचा आवाज अधिकृत मानला जावा, हा निर्णय समाज स्वतःकडे राखून ठेवतो, याचे हे उदाहरण होय.

बहुविषयी पॉडकास्टच्या भारतीय उदाहरणांत मुंबईच्या अमित वर्मा यांची वाटचाल याच निकषावर तपासण्याजोगी आहे. क्रिकेट पत्रकारिता, अनुदिनीलेखन, स्तंभलेखन आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेली एक इंग्रजी कादंबरी अशा प्रवासानंतर त्यांनी २०१७ मध्ये ‘द सीन अँड द अनसीन’ सुरू केला. हे नाव फ्रेदेरिक बास्तिया या फ्रेंच अर्थविचारवंताच्या १८५० मधील निबंधावरून आले आहे. धोरणांचे दिसणारे परिणाम आणि न दिसणारे परिणाम हा आरंभीच्या भागांचा विषय होता व त्यांची लांबीही मर्यादित होती. पुढे इतिहासकार, लेखक, संगीतकार पाहुणे म्हणून आले आणि संभाषणे पाच-पाच तासांपर्यंत विस्तारली. वरकरणी हा विषयत्याग वाटतो. परंतु पाहुण्याचे बालपण, वाचन, घडण यांविषयी विचारले जाणारे प्रश्न लक्षात घेतले, तर ‘न दिसणारे’ हेच मूळ पद कायम राहिल्याचे जाणवते. आधी धोरणाची अदृश्य बाजू शोधली जात होती, नंतर विद्वत्तेची. अर्थतज्ज्ञ अजय शाह यांच्यासमवेत २०२३ मध्ये सुरू केलेल्या त्यांच्या कार्यक्रमाचे ‘एव्हरीथिंग इज एव्हरीथिंग’ हे नाव मात्र परतीची जागाच पुसून टाकण्याचा धोका सूचित करते. सर्वच विषय सर्वांशी जोडलेले असतील, तर कोणत्या दृष्टान्ताने काय सिद्ध झाले, हे ठरविणे अवघड होते.

येथे कीर्तन व पॉडकास्ट यांतील मूलभूत भेद विचारात घ्यावा लागतो. कीर्तनकारासमोर सभा असते. गाडगेबाबा श्रोत्यांना प्रश्न विचारीत, उत्तराची वाट पाहत आणि त्या उत्तरावरच पुढचे निरूपण उभारीत. पॉडकास्टचा श्रोता एकटा असतो. चेन्नईच्या परिसरातील ओरगडमच्या वाहन-कारखान्यांकडे पहाटेच्या पाळीला निघालेल्या बसमध्ये कानाला यंत्र लावून बसलेला तमिळ वा मराठी कामगार ऐकणे थांबवू शकतो, पण वक्त्याला थांबवू शकत नाही. सभेने करावयाची हरकत यजमानाला स्वतःच घ्यावी लागते. ती न घेतल्यास दीर्घ संभाषण सौजन्याचा विस्तार ठरते आणि लांबी ही खोलीची जागा घेते. विषय जितके अधिक, तितकी ही जबाबदारी मोठी असते.

चरितार्थाचा प्रश्नही रूपाशी निगडित आहे. भारतातील आरंभीच्या प्रक्षेपण-प्रयत्नांपैकी एक मद्रास प्रेसिडेन्सी रेडिओ क्लबने १९२४ मध्ये केला आणि पैशाअभावी तो १९२७ मध्ये थांबला. आवाज दूरवर पोहोचला, म्हणून त्याचा निर्वाह होतोच असे नाही. कीर्तनकाराची बिदागी त्याच सभेतून वा यजमानाकडून येई. पॉडकास्टकाराला ती जाहिरातदार, वर्गणीदार किंवा अध्यापन यांतून मिळवावी लागते. बिदागी देणारा आणि ऐकणारा वेगळे झाले, की विषयांची निवड श्रोत्याच्या जिज्ञासेऐवजी पाहुण्याच्या प्रसिद्धीवर होऊ लागण्याची शक्यता असते.

तात्पर्य, विषयांचे वैविध्य हा पॉडकास्टचा गुणही नव्हे आणि दोषही नव्हे. ज्या वक्त्यापाशी परतण्यासाठी मूळ पद आहे आणि स्वतःलाच हरकत घेण्याची तयारी आहे, त्याचा अधिकार विषय बदलला तरी टिकतो. तंजावरमध्ये भाषा ओलांडूनही जे टिकले, ते हेच होते. नव्या श्राव्य माध्यमाचे मूल्यमापन करताना तौलनिक अभ्यासाने विषयांची यादी करण्यापेक्षा कथन कोठे परतते, याचा शोध घेणे अधिक फलदायी ठरेल.