चार फुटांची भिंत

अमेरिकेत सपाट, उघड्या ट्रेलरवरून पोलादी पाइप किंवा कॉइल जाते, तेव्हा माल आणि ड्रायव्हरची पाठ यांच्या मध्ये कधी कधी एकच आडोसा असतो: ट्रेलरच्या पुढच्या टोकाची उभी भिंत. तिथल्या केंद्रीय वाहतूक नियमांतलं 393.114 हे कलम या भिंतीचं आहे. मी ते अनेकदा वाचलं आणि दर वेळी त्यात नवं काही सापडलं.

कलमाचं शीर्षकच प्रश्न आहे: अशा भिंतीने काय काय पेलायला हवं? आणि उत्तराची सुरुवात एका अटीने होते. माल भिंतीला टेकलेला असेल, तरच हे कलम लागू. सगळा अर्थ त्या ‘टेकलेला’मध्ये आहे. गाडीला 0.8 जी (म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या आठ दशांश) इतका करकचून ब्रेक लागला, घर्षणाने मालाला फक्त 0.2 जीपुरतं धरलं आणि साखळ्यांनी दगा दिला, असं समजा. माल भिंतीपासून एकच मीटर मागे असेल, तर भिंतीशी गाठ पडेपर्यंत तिच्या तुलनेत त्याचा वेग ताशी 12 किलोमीटरवर जातो. वीस टनांची कॉइल, धावत्या माणसाच्या वेगाने! टेकलेला माल भिंतीवर रेलतो, मागे ठेवलेला आदळतो. पण आसांवरचा भार वाटायचा, तर अनेकदा माल मागे सरकवावा लागतो. म्हणून शेजारचं कलम साखळ्या वाढवतं: वीस फुटी पाइप पुढून अडवलेला असेल तर किमान दोन, नसेल तर तीन.

आता आकडे. सहा फुटांहून बुटक्या भिंतीने मालाच्या वजनाच्या निम्मा जोर सोसावा; सहा फूट किंवा त्याहून उंच असेल, तर चार दशांश. उंच भिंतीला सवलत का? मीही आधी अडखळलो. मग लक्षात आलं, बुटक्या भिंतीचा जोर खालच्या चार फुटांत धरलाय, म्हणजे त्याचा मध्य दोन फुटांवर. सहा फुटी भिंतीत तो पूर्ण उंचीवर पसरलेला, मध्य तीन फुटांवर. निम्मे गुणिले दोन म्हणजे एक. चार दशांश गुणिले तीन म्हणजे 1.2. भिंत बुडाशी वाकवणारा ताण उंच भिंतीतच जास्त! सवलत दिसते, ती सवलत नाहीच.

आणि निम्माच का? अख्ख्या बांधणीने 0.8 जीचा ब्रेक सोसायचा असतो. उरलेलं काम साखळ्यांचं आणि घर्षणाचं. भिंत एकटी कधीच नसते.

पुढची ओळ मला सर्वांत प्रिय आहे: भिंतीतलं कोणतंही छिद्र माल आरपार जाईल इतकं मोठं नको. ही ओळ लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नक्की पाइप असणार. पसरलेला जोर सोसणारी भिंतसुद्धा एका पाइपाच्या टोकापुढे फाटू शकते, म्हणून भेदनाची अटही वेगळी लिहिलेली आहे.

ड्रायव्हर जिला ‘हेडेक रॅक’ म्हणतात, ती केबिनच्या पाठीमागे बसवलेली चौकट वेगळी. तिच्यावर साखळ्या आणि ताडपत्र्या टांगतात. चकचकीत ॲल्युमिनियमची असली तर दिसतेही देखणी. पण ती ट्रॅक्टरवर, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या गाडीवर असते, ट्रेलरवर नाही. तिच्या भरवशावर साखळी कमी करणं मला पटत नाही.

निघाल्यावर पहिल्या पन्नास मैलांच्या आत ड्रायव्हरला थांबून बांधणी तपासावी लागते. तो खाली उतरतो, एकेक साखळी हाताने ओढून पाहतो आणि पुढच्या टोकाला येऊन माल भिंतीला अजून टेकलेला आहे ना, ते बघतो.