रेडिओ लहरींची वाटणी : रस्त्याची उपमा तोकडी पडते

मोबाइल किंवा वाय-फाय मंद का चालते, हे सांगताना विज्ञानविषयक लेखांत हमखास रस्त्याची उपमा येते. वाहने वाढली की रस्ता तुंबतो, तसे वापरणारे वाढले की वेग घटतो. आम्हीही आजवर असेच सांगत आलो. गर्दीचा परिणाम या उपमेतून चटकन समजतो, हे खरे. पण वेग केवळ गर्दीवर नव्हे, तर वाटणीच्या नियमावरही ठरतो, ही गोष्ट तिच्यात झाकली जाते.

साधे गणित पाहू. वाय-फाय यंत्राजवळ एक संगणक आहे, दुसरा दूरच्या खोलीत. जवळचा सेकंदाला ११ मेगाबिट माहिती पाठवतो. दूरच्याचा संदेश क्षीण होऊन पोचतो. चुका टाळण्यासाठी तो सेकंदाला १ मेगाबिट या संथ वेगाने पाठवतो. एका वेळी एकानेच बोलायचे आणि बोलण्याची संधी दोघांना सारखी, हा वाय-फायचा मूळ नियम. दोघांनी ११-११ मेगाबिट पाठवायचे, तर एकाला १ सेकंद लागतो, दुसऱ्याला ११. म्हणजे १२ सेकंदांत प्रत्येकी ११ मेगाबिट. जवळच्याचा वेगही सेकंदाला १ मेगाबिटच्या खाली घसरला! ही विसंगती फ्रान्समधील ग्रनोबल येथील संशोधकांनी २००३ साली मांडली.

अरुंद रस्त्यावर बैलगाडीमागे मोटारी रखडतात तसेच हे, असे कोणी म्हणेल. पण तिथे नियम बदलायला वाव नसतो, इथे असतो. त्याच १२ सेकंदांत दोघांना ६-६ सेकंद दिले, तर जवळच्याला ६६ आणि दूरच्याला ६ मेगाबिट मिळतात. सगळा वेळ जवळच्यालाच दिला, तर १३२ मेगाबिट जातात. दूरचा मात्र उपाशी. ‘कार्यक्षम वापर’ हा शब्द लेखांत सहज येतो. एकूण बेरीज एवढाच त्याचा अर्थ घेतला, तर हा तिसरा नियमच सर्वांत कार्यक्षम ठरेल!

समान वेळेच्या नियमात प्रत्येकाला, तो एकटा असता तर जितके मिळाले असते, त्याच्या नेमके निम्मे मिळते. केंब्रिजचे गणिती फ्रँक केली यांनी १९९७ साली मांडलेली ‘प्रमाणशीर न्याय्यता’ या उदाहरणात हेच उत्तर देते. चौथ्या पिढीच्या मोबाइल टॉवरमध्ये पाळी कोणाची, हे दर सहस्रांश सेकंदाला ठरते. तिथेही या तत्त्वावरचे नियम वापरता येतात : ज्याची लहर त्याच्या स्वतःच्या सरासरीपेक्षा या क्षणी चांगली, त्याला आधी संधी.

म्हणून आम्हाला कालव्याच्या पाण्याच्या पाळीची उपमा अधिक जवळची वाटते. तास सारखे दिले, तरी शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला पाणी कमीच पोचते. वाटेत ते मुरते. मग तास सारखे द्यावेत की पाणी? शिक्षकांनी वरील तिन्ही वाटण्या फळ्यावर मांडून हा प्रश्न विद्यार्थ्यांना जरूर विचारावा, आणि दूरच्या खोलीत आपण असतो तर कोणता नियम निवडला असता, हेही.