मराठी राज्यास संघराज्य म्हणावें काय?

न्यायमूर्ति रानडे यांच्या ‘राइज ऑफ दि मराठा पॉवर’ (इ. स. १९००) या ग्रंथांत मराठी सत्तेकडे संघराज्य म्हणून पाहिलें आहे. इंग्रज ग्रंथकारांनींही शिंदे, होळकर, गायकवाड व नागपूरकर भोसले यांच्या मंडळास तेंच नांव दिलें. ग्रंथाविषयीं आम्हांस पूर्ण आदर आहे. परंतु हा शब्द आम्हांस मान्य नाहीं.

अमेरिकेंत तेरा संस्थानें आधीं होतीं, मध्यवर्ती सत्ता त्यांनीं मागाहून निर्माण केली. इ. स. १७९१ च्या दहाव्या दुरुस्तीनें, संघास न दिलेले व संस्थानांस निषिद्ध न केलेले अधिकार संस्थानांकडे अथवा प्रजेकडे राहिले. इ. स. १७९८ मध्यें जेफर्सन व मॅडिसन यांनीं केंटकी व व्हर्जिनिया यांच्या ठरावांतून मध्यवर्ती सरकारास अडविण्याचा यत्न केला, तो अशाच मूळ अधिकाराच्या बळावर. आमच्या सरदारांपाशीं असा मूळ अधिकार कोणता? सरंजाम हुजुरांतून मिळे व हुजुरांतूनच काढला जाई. वसईचा तह (इ. स. १८०२) शिंदे-भोसल्यांनीं मानला नाहीं हें खरें, पण तें सामर्थ्य झालें, स्वत्व नव्हे. महादजींनीं सुद्धां इ. स. १७८४ मध्यें वकील-इ-मुतलकी पेशव्यांच्या नांवें घेऊन नायबी तेवढी आपणांकडे ठेविली. शिवाय, जहागिरी न देण्याचा शिवाजीमहाराजांचा नियम पुढें मोडला, याचा खेद रानडेच करितात. मग त्या नियमभंगांतून जन्मलेल्या मंडळास संघ कसें म्हणावें?

मूळ अधिकार शोधावयाचा तर तो वतनांत. आज्ञापत्रांत (इ. स. १७१५ चा सुमार) वतनदारांस राज्याचे ‘दायाद’ म्हटलें आहे. धर्मशास्त्रांत दायाद तो, जो जन्मानें दायाचा भागीदार. धन्याच्या कृपेनें नव्हे. हा शब्द लेखणींतून सहज पडलेला नव्हे. वतनाचा वाद गोतसभेपुढें चाले व निवाडा महजरांत उतरे.

जुन्नरचेंच पाहा. तो प्रांत मोंगलांकडे असतां, इ. स. १६५० च्या सुमारास, शिवनेरीवर जन्मलेल्या महाराजांनीं शाहजहानाकडे जुन्नर व अहमदनगर येथील देशमुखीचा हक्क सांगितला, आणि इ. स. १६५७ मध्यें तेंच जुन्नर लुटलें. शहर तलवारीनें लुटतां येतें, देशमुखी मात्र हक्क म्हणूनच सांगावी लागते. इ. स. १७१९ च्या सनदांतही स्वराज्य, चौथाई व सरदेशमुखी हीं तीन निराळीं आहेत; शेंकडा दहाची सरदेशमुखी छत्रपतींकडे वतन म्हणूनच आली.

पेशवाई इ. स. १८१८ त बुडाली. जुन्नर-आंबेगांवकडे देशमुख-कुलकर्ण्यांचीं वतनें मात्र इ. स. १९५० च्या, आणि मुलकी पाटिलक्या इ. स. १९६२ च्या कायद्यापर्यंत टिकल्या.