‘पडला’ की ‘पाडला’? : शेतमालाच्या भावाच्या परिभाषेची चिकित्सा

बी-बियाणे, खते, औषधे, डिझेल आणि मजुरी यांचा खर्च ज्या वेगाने वाढतो त्या वेगाने शेतमालाचा भाव वाढत नाही, याविषयी आता फारसा मतभेद उरलेला नाही. मतभेद आहे तो ‘खर्च’ कशाला म्हणावे याविषयी. अर्थशास्त्रज्ञ ज्याला आकड्यांचा प्रश्न समजतात त्याचा निदान अर्धा भाग शब्दार्थाचा आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

केंद्रीय कृषिमूल्य आयोग १९६५ साली स्थापन झाला. त्याच्या परिभाषेतील ‘ए-२’ म्हणजे शेतकऱ्याने पदरचा केलेला प्रत्यक्ष खर्च. ‘ए-२ अधिक एफएल’ यात घरच्या माणसांच्या श्रमांचे मोल मिळवलेले असते. ‘सी-२’ मध्ये त्याखेरीज स्वतःच्या जमिनीचा खंड व स्वतःच्या भांडवलावरील व्याजही धरले जाते. डॉ. स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय शेतकरी आयोगाने २००६ साली आधारभूत किंमत सरासरी उत्पादनखर्चाहून किमान ५० टक्के अधिक असावी, अशी शिफारस केली. २०१८ च्या अर्थसंकल्पात दीडपट भावाची घोषणा झाली ती दुसऱ्या हिशेबाने. शेतकरी संघटनांची मागणी होती ती तिसऱ्या हिशेबाने. शब्द एकच असल्यामुळे ‘वचन पाळले’ आणि ‘वचन मोडले’ ही दोन्ही विधाने सारख्याच आत्मविश्वासाने करता आली.

परंतु सारा दोष शासकीय परिभाषेच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. शेतकऱ्याच्या बोलीतही ‘खर्च’ म्हणजे हातून सुटलेला रोख पैसा. घरचे बी, घरचे शेणखत, घरचे बैल, घरची माणसे : ‘घरचे’ हे विशेषण लागले की वस्तू हिशेबातून बाहेर पडते. संकरित बियाण्यांचा प्रसार झाल्यावर, आणि कापसाच्या बाबतीत २००२ मध्ये बीटी वाण आल्यावर, जे घरचे होते ते विकतचे झाले. उरले घरचे ते श्रम आणि जमीन, आणि नेमके तेच अद्याप मोजण्याची सवय नाही. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने ‘घामाचे दाम’ मागितले तेव्हा ही सवय प्रथमच जोराने हलली. मागणी उत्पादनखर्चावर आधारलेल्या रास्त भावाची होती. घोषणेत मात्र घामच आला, जमिनीचा खंड आणि भांडवलाचे व्याज आले नाही. शब्दशः घेतल्यास ती घोषणा ‘एफएल’पाशीच थांबते, हा योगायोग थोडा क्रूर आहे.

आता ‘भाव’ या शब्दाच्या वाक्यरचनेकडे वळू. व्यापारी भाव लावतो, ठरवतो, पाडतो. शेतकऱ्याला तो मिळतो. खत घेतानाही ‘पिशवी महाग पडली’ असेच तो म्हणतो. विक्री असो की खरेदी, तो वाक्याचा कर्ता होत नाही. कर्ता नसलेली रचना सोन्याच्या भावालाही चालते, हा आक्षेप येथे संभवतो व तो रास्त आहे. एकट्या क्रियापदावरून सामाजिक निष्कर्ष काढू नये. तथापि एका जोडीकडे दुर्लक्ष करता येत नाही. वृत्तपत्र लिहिते, ‘कांद्याचा भाव पडला’. बाजार समितीच्या आवारात उभा असलेला शेतकरी म्हणतो, ‘भाव पाडला’. अकर्मक आणि प्रयोजक रूपांत एका स्वराचा फरक आहे. पहिल्या वाक्यात घटना आहे, दुसऱ्यात कर्ता आहे, मग तो कर्ता अनुक्त का असेना.

फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याच्या ५१२ किलो कांद्याला किलोमागे १ रुपया भाव मिळाला. ५१२ रुपयांतून ५०९ रुपये ५० पैसे वजा होऊन त्याच्या हाती २ रुपयांचा धनादेश आला. कांद्याला आधारभूत किमतीचे संरक्षण नाही हे खरे. परंतु भाषेच्या अभ्यासकाने येथे आडतीची पट्टी वाचावी. तीत खर्च म्हणून वजा होतात ते हमाली, तोलाई आणि मोटारभाडे. कांदा पिकविण्यास जो खर्च आला त्याला त्या कागदावर रकानाच नसतो.