‘नैसर्गिक’ या शब्दाची परीक्षा

‘शरीरातील नैसर्गिक संप्रेरकामुळे केमोथेरपीत हृदयाचे रक्षण’ अशा आशयाच्या बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. कधी त्यांत मेलॅटोनिनचे नाव असते, कधी घ्रेलिनचे, कधी एरिथ्रोपोएटिनचे. घाटकोपरहून परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात उपचारासाठी खेपा घालणाऱ्या एखाद्या कुटुंबाच्या हाती अशी बातमी पडली, तर त्यांना आशा वाटणे साहजिक आहे. चौकस विद्यार्थी ती वर्गातही आणतात. या बातम्यांत खोटे फारसे नसते. जे सांगायला हवे तेच गाळलेले असते, हा माझा आक्षेप आहे.

प्रथम मूळ प्रश्न समजून घेऊ. डॉक्सोरुबिसिन हे औषध १९६०च्या दशकात इटलीत, मातीतील स्ट्रेप्टोमायसिस कुळातल्या जिवाणूपासून मिळाले. स्तनाचा कर्करोग, लिम्फोमा, मुलांमधील काही कर्करोग यांवर ते आजही वापरतात. डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या विकराला अडकवून ते वाढत्या पेशींना मारते. मग क्वचितच विभाजन होणाऱ्या हृदयपेशींना इजा का व्हावी? कारण याच विकराचा दुसरा प्रकार हृदयपेशींत असतो. शिवाय या पेशींत ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांची दाटी असते आणि त्यांनाही औषधाचा मार बसतो. मेलेल्या हृदयपेशींची जागा नव्या पेशी जवळजवळ घेतच नाहीत, त्यामुळे हानी साचत जाते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणानुसार औषधाची एकूण मात्रा शरीरपृष्ठाच्या दर चौरस मीटरला ४०० मिलिग्रॅम झाली, तेव्हा सुमारे ५ टक्के रुग्णांना हार्ट फेल्युअर झाले. ५५० मिलिग्रॅमला हे प्रमाण सुमारे २६ टक्के होते. तेव्हा हृदयाला कवच हवे, यात शंका नाही.

आता एरिथ्रोपोएटिनचे उदाहरण घेऊ. हे संप्रेरक मुख्यतः मूत्रपिंडात तयार होते आणि अस्थिमज्जेला तांबड्या पेशी बनवायला लावते. २००६ साली जपानी संशोधकांना आढळले, की डॉक्सोरुबिसिन दिलेल्या उंदरांच्या हृदयाची हानी या संप्रेरकाने कमी होते. बातमी लिहिणारा येथेच थांबतो.

पण माणसांची हकिकत वेगळी आहे. कर्करुग्णांचा रक्तक्षय कमी करण्यासाठी एरिथ्रोपोएटिन आधीपासूनच दिले जात होते. २००३ साली डोके व मान यांच्या कर्करोगाच्या ३५१ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष आले. किरणोपचारासोबत हे संप्रेरक मिळालेल्यांचे हिमोग्लोबिन वाढले, पण त्यांचा कर्करोग मात्र कमी आटोक्यात राहिला. इतर काही चाचण्यांतही मृत्यू अधिक दिसले. २००७ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यावर ठळक इशारा छापायला लावला. रक्ताच्या गुठळ्यांचा धोका स्पष्ट होता. गाठीलाही बळ मिळते का, यावर वाद राहिला. पेशीला जगवणारा संदेश कोणकोणत्या पेशींना ऐकू जातो, हा प्रश्न म्हणूनच टाळता येत नाही. कवच हृदयाबरोबर गाठीलाही मिळाले, तर लाभ कसला?

याउलट डेक्सराझोक्सेन हे प्रयोगशाळेत बनवलेले औषध आहे. ‘नैसर्गिक’ नसूनही माणसांवरील चाचण्यांत ते उतरले आणि १९९५ साली अमेरिकेत मान्य झाले. मुलांमध्ये दुसऱ्या कर्करोगाची शंका आल्याने २०११ साली युरोपात त्यावर निर्बंध आले. पुरावा पुन्हा तपासून २०१७ साली ते काही अंशी उठवले गेले. तपासणी चालूच राहते, ती अशी.

संप्रेरकाची अशी कसोशीची तपासणी परळलाही झाली आहे. तिचा विषय हृदय नव्हता, पण पद्धत शिकण्यासारखी आहे. टाटा स्मारक रुग्णालयाचे डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेपूर्वी प्रोजेस्टेरॉन वर्गातील संप्रेरकाचे एक इंजेक्शन देऊन पाहिले. १९९७ ते २००८ या काळात सुमारे १,००० स्त्रिया चाचणीत आल्या; इंजेक्शन कोणाला द्यायचे, हे यदृच्छेने ठरले. २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: सर्व स्त्रियांचा एकत्र विचार करता फरक खात्रीलायक नव्हता, काखेतील गाठींपर्यंत रोग पोचलेल्यांत मात्र लाभ दिसला. संशोधकांनी दोन्ही गोष्टी मांडल्या. बातमीदाराने फक्त दुसरी उचलली असती, तर तोही खोटे बोलला नसता!

वर्गात अशी बातमी आली की चार प्रश्न फळ्यावर लिहावेत. प्रयोग कोणावर झाला, उंदरांवर की माणसांवर? तुलनेसाठी दुसरा गट होता का? हृदयाबरोबर गाठीचे काय झाले ते पाहिले का? आणि शेवटी रुग्ण अधिक काळ जगले का? संप्रेरक नैसर्गिक आहे की नाही, हा पाचवा प्रश्न विचारायची गरज नाही. इन्शुलिनही नैसर्गिकच आहे, पण मात्रा चुकली तर जीव घेते. ज्यांच्या घरी रुग्ण आहे त्यांनी मात्र बातमी वाचून मेलॅटोनिनचीही गोळी मनाने सुरू करू नये. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आधी विचारावे.